मिस्तरी मशीनपासून लांब का उभे राहतात?

वाचकाचे पत्र : जळगावच्या एमआयडीसीत आमची तुरीची डाळ मिल आहे. वडिलांनी ती उभी केली आणि गेली सहा वर्षे तिचा कारभार मी पाहतो. आमचे मुख्य मिस्तरी २९ वर्षांपासून आमच्याकडे आहेत. त्यांना ५६ वर्षे पूर्ण झाली आहेत. मी लहानपणापासून त्यांना आप्पा म्हणतो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही टचस्क्रीनचा नवा कलर सॉर्टर (रंग पाहून खराब दाणे वेगळे काढणारे मशीन) घेतला आणि मालाची नोंदही वहीऐवजी टॅबवर सुरू केली. मशीन देणाऱ्यांचा इंजिनिअर दोन दिवस शिकवून गेला आणि आमचे तीन तरुण ऑपरेटर तयार झाले. आप्पा मात्र दोन्ही दिवस मागे हात बांधून उभे होते. तेव्हापासून ते मशीनजवळ जात नाहीत. विचारले की "आता काय आमचं शिकायचं वय आहे का, पोरं करतात ना," एवढेच म्हणतात. मध्यंतरी रात्रपाळीत एका ऑपरेटरकडून सेटिंग चुकली आणि चाळीसेक कट्टे चांगली डाळ रिजेक्टमध्ये गेली. आप्पा तिथेच होते, पण बोलले नाहीत. मला त्यांचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. माझा भागीदार चुलतभाऊ म्हणतो की दोन वर्षांनी त्यांना ५८ होतीलच, तोवर गेटवर बसवू. या वयाच्या माणसाला शिकवता येते का, आणि शिकवावे का?

उत्तर :

चाळीस कट्टे रिजेक्टमध्ये जात असताना आप्पा तिथे उभे होते आणि बोलले नाहीत, हे आपण तक्रार म्हणून लिहिले आहे. मला मात्र त्यात त्यांच्या कसबाची कबुली दिसते, कारण काहीतरी चुकते आहे हे त्यांना कळले असणारच, असे आपण न सांगताच गृहीत धरले आहे. रिजेक्टच्या तोंडाखाली हात धरून मूठभर डाळ पाहिली की तीत खांडा म्हणजे तुटका दाणा किती, न सोललेला दाणा किती आणि उगाच फेकलेला पिवळाधमक माल किती, हे ज्याला दोन क्षणांत कळते तो माणूस मशीनचे निम्म्याहून अधिक काम जाणतो. उरलेला भाग म्हणजे कोणता आकडा कुठे दाबायचा. आपल्या तरुण ऑपरेटरांना आकडा माहीत होता, पण डाळ ओळखता आली नाही. आप्पांना डाळ ओळखता आली, पण आकडा माहीत नव्हता. नुकसान या दोघांच्या मधल्या जागेत झाले आहे, आणि ती जागा भरून काढणे हे मालक म्हणून आपले काम आहे.

शिकवता येते का, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला खानदेशाबाहेर जाण्याची गरज नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत विचारून पाहा. कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागलेली आणि विजेच्या इंजिनावरून निवृत्त झालेली माणसे तिथल्या जुन्या घराघरांत होती. त्याच गावात रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे, आणि नोकरीतल्या माणसाने ठरावीक काळाने पुन्हा वर्गात बसणे हा रेल्वेत रिवाजच आहे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी तर पाटपाणी सोडून ठिबक आणि कंद सोडून टिश्यू कल्चरची रोपे स्वीकारली, आणि त्यांतले कितीतरी जण तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. वयाबरोबर नवी गोष्ट पहिल्यांदा पकडण्याचा वेग कमी होतो, हे खरे आहे. परंतु जुन्या अनुभवाशी जोडून दिलेली गोष्ट या वयात पक्की बसते, आणि एकदा बसली की असा माणूस घाईने चुका करत नाही.

मग आप्पा मागे का उभे राहिले? त्या दोन दिवसांचे चित्र डोळ्यांसमोर आणा. मशीनसमोर तीन पोरे उभी आहेत, ज्यांना कट्ट्याचे तोंड शिवण्यापासून रोलरचे अंतर लावण्यापर्यंत सगळे आप्पांनीच शिकवले आहे. इंजिनिअर हिंदी आणि इंग्रजी मिसळून भराभर बोलतो आहे, पडद्यावरची अक्षरे इंग्रजी आहेत, आणि पुढे होऊन पहिले बटण चुकले तर ते याच तिघांसमोर चुकणार आहे. अशा वेळी शहाणा माणूस हात बांधूनच उभा राहतो. वयाचे कारण पुढे केले की समोरचा अधिक विचारत नाही, म्हणून ते कारण सोयीचे. "मला सगळ्यांसमोर चुकायचे नाही," हे वाक्य २९ वर्षे मिस्तरी म्हणवून घेतलेल्या माणसाच्या तोंडून निघणे कठीण आहे.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. मी खानदेशातल्याच एका सूतगिरणीत बरीच वर्षे प्रशिक्षणाचे काम पाहत होतो. नव्या मशीनवर डिस्प्ले पॅनेल आले तेव्हा मी आमच्या सर्वांत जुन्या जॉबरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या मिस्तरीला, सगळ्या खात्यासमोर पुढे बोलावले आणि पॅनेलवरचा काउंट, म्हणजे सुताचा नंबर, बदलायला सांगितला. त्यांचा मान राखावा, असाच माझा हेतू होता. त्यांनी बटण दाबले, अलार्म वाजला, पोरे हसली, आणि खरे सांगायचे तर मीही हसलो. दुसऱ्या दिवशी प्रकृतीच्या कारणास्तव कापसाच्या गोदामात बदली मिळावी, असा त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर होता, आणि मी त्यावर सही केली. त्यानंतर धागा तुटण्याचे प्रमाण वाढले की आम्ही तासन्‌तास कारण शोधत बसायचो. ते मशीनवर नुसता हात ठेवून सांगायचे. आपला चुलतभाऊ जे गेटबद्दल सुचवतो आहे ते मी गोदामाच्या रूपाने करून बसलो आहे, म्हणून त्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे याकडे वळतो, आणि आधी डोळ्यांचे बोलतो, कारण मालकांना हे सहसा सुचतच नाही. आप्पांचा चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर जवळचे वाचण्याचे भिंग खाली असते. सॉर्टरचा पडदा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असला की तो वाचण्यासाठी त्यांना हनुवटी वर करून मान मागे न्यावी लागते, आणि हातभर अंतरावर अक्षर तरीही धूसरच राहते, कारण खालचे भिंग पेपर वाचण्याच्या अंतराचे असते आणि वरचे रस्त्यावर बघण्याचे. शिवाय विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात मिलमधली भुशीची धूळ आणि उंचावर टांगलेला एखादा दिवा. त्यांना पडदा दिसत नसेल आणि ते "कळत नाही" असे म्हणत असतील, ही शक्यता फार मोठी आहे. पडदा खाली घेता येत असेल तर घ्या, येत नसेल तर पायाखाली घट्ट बसणारी लाकडी पायरी करून द्या, बाजूने एक चांगला दिवा लावा पण त्याची चकाकी काचेवर येऊ देऊ नका, आणि त्यांना चष्मेवाल्याकडे नेऊन हातभर अंतराचा स्वतंत्र चष्मा करून द्या. तो एका कट्टा डाळीच्या किमतीत सहज होईल.

तसेच बोटांचे. टचस्क्रीनला बोटातला किंचित ओलावा लागतो. तीस वर्षे डाळ आणि कट्टे हाताळलेल्या माणसाच्या बोटांची टोके कोरडी आणि राठ झालेली असतात, त्यामुळे पहिला स्पर्श पडदा घेत नाही. मग माणूस जोर लावून दोनदा दाबतो, पडदा दोन्ही वेळा घेतो, आणि १३ च्या जागी १४ आकडा होतो. मशीन माझे ऐकत नाही, असे त्यांना वाटले तर ते त्या क्षणी अक्षरशः खरे असते. टचस्क्रीनवर चालणारी साधी पेन्सिल मशीनला दोरीने बांधून ठेवली की हा प्रश्न संपतो. आपल्याकडे हजेरीला अंगठ्याचे मशीन असेल तर तेही तपासून पाहा. झिजलेल्या ठशांमुळे रोज सकाळी दारातच चार-चार वेळा अंगठा पुसून दाबावा लागणाऱ्या माणसाचे नव्या यंत्रांविषयी काय मत होईल, ते वेगळे सांगायला नको. अशांना कार्ड द्यावे.

कानांचे थोडक्यात सांगतो. मिलच्या आवाजात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला बारीक, तीव्र आवाज आधी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे मशीनच्या बारीक शिट्टीवर भरवसा ठेवू नका, इशाऱ्याला दिवा लावून घ्या. आणि शिकवणे मशीन बंद असताना करा, चालू मशीनशेजारी ओरडून नव्हे.

शिकवण्याची वेळ निवडताना मिलचा हंगाम आणि आपले हवामान या दोन्हींचा विचार करावा लागेल. जानेवारीपासून तुरीची आवक सुरू झाली की कोणालाच मान वर करायला सवड नसते, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कोणीही काही शिकत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला तर ते धोक्याचेच आहे. पावसाळ्यात, विशेषतः पितृपक्षात, बाजार थंड असतो. तेव्हा सकाळी आठच्या सुमारास, पहिला चहा झाल्यावर, रोज अर्धा तास असे तीन आठवडे चालू द्या. सलग दोन दिवसांचे शिक्षण हे शिकवणाऱ्याच्या मुक्कामाच्या सोयीचे असते. थोडे शिकून, मध्ये रात्र जाऊ देऊन, दुसऱ्या दिवशी आठवून पुन्हा करणे हे शिकणाऱ्याच्या सोयीचे, आणि ते कोणत्याही वयाला लागू आहे.

शिकवणारा एकच असावा. तिघांतला सर्वांत हुशार निवडू नका, सर्वांत कमी बोलणारा निवडा. हुशार पोराला दुसऱ्याचे बोट चाचपडताना पाहवत नाही; तो हात पुढे घालून स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. आपल्या निवडलेल्या मुलाला एकच नियम सांगा : पडद्याला आप्पांखेरीज कोणाचा हात लागणार नाही.

पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवायची ती बिघडलेले पूर्ववत कसे करायचे, ही. बहुतेक सॉर्टरमध्ये तुरीसाठी जमवलेली सेटिंग साठवून ठेवता येते आणि एका बटणावर परत आणता येते. आपण काहीही केले तरी मशीन पुन्हा होते तसे करता येते, हे हाताला पटले की निम्मी भीती जाते. त्यानंतर दोन कट्टे डाळ खास बिघडवण्यासाठी बाजूला काढा आणि ती त्यासाठीच आहे असे आप्पांना सांगा. संवेदनशीलतेचा आकडा मुद्दाम वाढवून चांगली डाळ कशी उडते ते त्यांना पाहू द्या, मग इतका कमी करू द्या की काळा दाणाही पुढे निघून जाईल. चाळणीची जाळी बारीक-जाड बदलण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. आता जाळीच्या जागी आकडा आहे आणि दाण्याच्या मापाऐवजी त्याचा रंग चाळला जातो आहे, एवढेच त्यांना सांगावे लागेल. कॅमेऱ्याला डागाळ दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो आणि त्या झोताची टकटक ऐकू येते. टकटक एकाएकी वाढली तर एकतर माल खराब आला आहे किंवा आकडा चढला आहे, हे सूत्र मशीन शिकवणाऱ्यापेक्षा आप्पाच पोरांना चांगले समजावतील, असा माझा अंदाज आहे.

प्रत्येक वेळी सुरुवात आप्पांच्या मुठीपासून व्हावी. आधी त्यांनी रिजेक्टमधली मूठभर डाळ पाहून काय चुकते ते सांगायचे, मग मुलाने त्यासाठी कोणता आकडा ते दाखवायचे, मग त्यांनी तो बदलायचा आणि पुन्हा मूठ भरून पाहायची. अशाने मुलगा डाळ शिकतो आणि आप्पा आकडा शिकतात, आणि कोण कोणाचा गुरू हा हिशेब बरोबरीत राहतो. टिपणे त्यांनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत करावीत. त्यांना 'फीड'ला 'सोड' म्हणायचे असेल तर म्हणू द्या, आणि वहीत अहिराणी किंवा लेवा बोलीतला शब्द उतरला तर तो सुधारण्याच्या भानगडीत पडू नका. लिहिण्याचा कंटाळा असेल तर मोबाईलवर आवाज नोंदवून ठेवता येतो. नातवंडांचे व्हिडिओ ते पाहतच असतील, त्यामुळे काचेवर बोट फिरवणे त्यांना अगदीच परके नसावे.

टॅबवरील नोंदीचा आग्रह मात्र सोडून द्या, असे माझे मत आहे. कट्ट्यांचे आकडे कोणीही भरेल. त्या कामात आप्पांचे काही कसब लागत नाही आणि त्यांच्या शिकण्याची हौस तिथे खर्ची घालू नये. नव्याने आलेले सगळेच सगळ्यांना यायला हवे, हा हट्ट तरुणांच्या बाबतीतही फारसा उपयोगाचा नसतो. रात्रपाळीतून त्यांना काढा आणि ५० किलोच्या कट्ट्याला त्यांचा हात लागणार नाही असे पाहा. वय वाढल्यावर झोपेची मोडलेली घडी लवकर बसत नाही आणि पाठीची दुखापत भरून यायला फार वेळ घेते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. ती सगळ्यांचीच करून घ्या, म्हणजे एकट्या आप्पांना बोट दाखवल्यासारखे होणार नाही.

हे सगळे सुरू करण्याआधी एक बोलणे व्हायला हवे, आणि ते पैशाचे आहे. आप्पांच्या जागी बसून विचार करा : मालकाचा भाऊ ५८ चा हिशेब करतो आहे हे मिलमध्ये लपत नाही, आणि आता मालक म्हणतो आहे की तुमचे सगळे पोरांना शिकवा. आपले जे काही आहे ते काढून घेऊन आपल्याला घरी पाठवणार, असे कोणालाही वाटेल. म्हणून ५८ नंतर काय, हे आधी ठरवा. त्या वयाचा सर्वसाधारण अर्थ एवढाच की कर्मचारी पेन्शन योजनेत मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के जाणे थांबते आणि किमान दहा वर्षे सेवा झालेल्या सभासदाला पूर्ण पेन्शन घेता येते. त्यानंतरही नोकरी चालू ठेवता येते, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, आणि पेन्शन ६० पर्यंत लांबवली तर दर वर्षाला ४ टक्के वाढून मिळते. ग्रॅच्युइटीचा आकडा त्यांच्यासमोर कागदावर मांडा. समजा त्यांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये आहेत. त्याला २६ ने भागले की दिवसाचे ८०० होतात, १५ दिवसांचे १२,००० आणि २९ वर्षांचे ३,४८,०००. ते ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असतील तर पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या माणसाला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते, हेही सांगा. हे पुष्कळ कामगारांना ठाऊक नसते.

आपल्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते, आणि दोन्ही बाजूंना वर्षभराचे माहीत असते. आप्पांना तेवढी तरी निश्चिती द्या. ठेवायचे असेल तर कोणत्या कामावर, कोणत्या पगारावर आणि कधीपर्यंत, हे लिहून द्या. नसेल ठेवायचे तर तेही आजच, समोर बसून सांगा, आणि मग त्यांच्याकडून पोरांना शिकवण्याची अपेक्षा करू नका. माझे मत विचाराल तर ६० पर्यंत दिवसपाळीत मालाची परीक्षा आणि सॉर्टर या दोन कामांवर त्यांना ठेवणे आपल्या फायद्याचे आहे, कारण चाळीस कट्ट्यांची ती रात्र पुन्हा एकदा आली तरी त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा माल धोक्यात येतो.

हे बोलणे केबिनमध्ये बोलावून करू नका, आणि आपल्या वडिलांनाही त्यात घालू नका; त्यांच्या शब्दाखातर आप्पा सगळ्याला हो म्हणतील आणि मनातले मनातच राहील. संध्याकाळी पाळी सुटल्यावर त्यांच्यासोबत गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्या. आधी ५८ चे बोला. मग विचारा, "आप्पा, त्या रात्री रिजेक्टमध्ये तुम्हाला काय दिसलं होतं?" ते सांगू लागले की मध्ये बोलू नका, आणि तेव्हाच का नाही सांगितले, हे तर मुळीच विचारू नका.

आणि पहिल्या सकाळी ते पडद्याला हात लावतील तेव्हा आपण त्या शेडमध्ये असू नये. सगळे खाते बघत असताना माझ्या जॉबरचे बोट जसे चुकले तसे मालक बघतो आहे म्हटल्यावर आप्पांचेही चुकेल. तेवढा अर्धा तास आपण मार्केट यार्डात काढावा.